उलट बाजू

वाघार्शमामा गालिच्याचं तोंड आधी बघत नाही.
आला की पालथा घालतो,
तान्ह्या पोराला पाठ चोळायला घ्यावं तसा,
आणि मग म्हणतो, बसा.

आज मार्नेउलीकडची बाई आली आहे, गुलसनम.
मिनीबसमध्ये तिबिलिसीपर्यंत मांडीवरच होता, म्हणाली.
चाळीस वर्षं भिंतीला ठोकलेला, खिडकीसमोर.
काल रात्री उतरवला. विहिरीचा पंप जळलाय.
तिची रशियन आमच्यासारखीच,
उसनी, काटकसरीची.

लिही, मामा म्हणतो. वही माझ्याकडे असते.
ताणा लोकरीचा. एक धागा पांढरा, एक मेंढीच्या अंगचा तपकिरी,
दोन्ही एकत्र पिळलेले.
बाणा तांबडा.
गाठी जाड, बोटभर रुंदीत सहा.
समुद्राकडचा असता तर सूत लागलं असतं हाताला.
हा डोंगरातला. थंडीसाठी विणलेला, पाहुण्यांसाठी नाही.

बोर्चालू, तो म्हणतो. दुकानदार कझाक म्हणेल.
जिथे विकला जातो तिथलं नाव लागतं,
दत्तक गेलेल्या पोरासारखं.
‘आमचाच आहे,’ गुलसनम म्हणते.
‘आमच्या चुलत्यांकडे अस्साच होता,’ मामा म्हणतो.
मग दोघं दोन टोकं धरून उभे राहतात, गप्प,
जशी चादर वाळत घालायची आहे
आणि दोरीच सापडत नाही.
मी बोर्चालू लिहिते.
‘कुणाचा’ असा रकाना आमच्या वहीत नाही.

कोपऱ्यात आकडे विणलेत. तेराशे बारा असावेत, हिजरी,
पण तीन आरशातला आहे आणि दोन डोक्यावर उभा.
आकड्यांवर जायचं नसतं.
विणणारीला अक्षरओळख नव्हती,
तिनं दुसऱ्या कुठल्या गालिच्यावरून ते उतरवले असतील,
फुलं समजून.
त्यापेक्षा तपकिरी रेघांना विचारावं.
लोखंडाच्या पाण्यात रंगवलेली लोकर आतून जळत जाते,
बाकीची लव उभी, आणि ह्या रेघा खाचेत बसलेल्या.
डोळे मिटून बोट फिरवलं तरी नक्षी कळते.
शंभराच्या वर, मामा म्हणतो. सव्वाशे धर.

राहिला मधला पट्टा. राखाडी,
उंदराच्या पाठीसारखा.

मामा दोन अंगठ्यांनी लव दुभंगतो, भांग पाडावा तशी.
मुळाशी जांभळा.
भडक, निर्लज्ज, आत्ताच बाटलीतून सांडल्यासारखा.
ओला रुमाल दाबला तर रुमालालाही लागला.
ॲनिलिन, मी लिहिते, आणि आकडा निम्म्यावर येतो.
आता माझ्या लक्षात येतं :
पालथा घातला तेव्हाच त्यानं हे पाहिलं होतं.
चहा होईपर्यंत थांबला, इतकंच.

मंजिष्ठ टिकली. नीळ टिकली.
कांद्याच्या सालींचा पिवळासुद्धा तग धरून आहे.
पुडीतून विकत आणलेला तेवढा उडाला.

‘त्या पुडीसाठी तिनं मेंढी दिली होती,’
गुलसनम म्हणते. घासाघीस करायला नाही,
नुसतं आठवलं म्हणून.
‘घरात सांगायचे. मला वाटायचं, राखाडीसाठी कोण मेंढी देईल?
अख्खी वाडी म्हणे रंग बघायला यायची.
सासू तीन दिवस बोलली नव्हती.’

मामा चष्मा पुसतो. आकडा तोच ठेवतो.
गोष्टीला बाजार पैसे देत नाही
आणि पंपवाला गोष्ट घेत नाही,
हे त्या दोघांनाही ठाऊक आहे.

‘पुन्हा एकदा उघडा,’ ती म्हणते.
तो पुन्हा भांग पाडतो.
ती वाकून बघते, बराच वेळ,
कुणी आत आहे का ते बघावं तशी.
मग गालिच्याची घडी घालते, पाठ बाहेर ठेवून.

‘उलटा टांगला तर?’
‘टांगा की. खिळे तेच चालतील.’
दारापर्यंत जाऊ देतो तिला, मग मागून हाक मारतो :
‘पण खिडकीसमोर नको.’

वहीत किमतीच्या रकान्यात पेन्सिलीचा आकडा आहे.
शाईनं गिरवायचा
की खोडायचा, मामानं अजून सांगितलेलं नाही.
रुमाल मात्र धुवायला टाकू नको म्हणाला.